लिपेडिमासाठी शस्त्रक्रिया करावी का? धाकट्या जावेच्या पायांविषयी सल्ला हवा आहे

मंदाताई, समुद्रपूर तालुका (जि. वर्धा)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि हा प्रश्न माझ्या धाकट्या जावेसाठी, तिला विचारून, येथे मांडत आहे.

तिचे वय ३२ आहे. वयात आली तेव्हापासूनच तिच्या मांड्या आणि पोटऱ्या वरच्या अंगाच्या मानाने जाड आहेत, असे तिची आई सांगते. दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र हा फरक इतका वाढला की कमरेच्या मापाने सलवार शिवली तर ती पोटरीवर चढत नाही. पावले अजूनही पूर्वीसारखीच सडपातळ आहेत. लग्नातली जोडवी आजही त्याच बोटांत नीट बसतात. पैंजण मात्र घोट्यावर आलेल्या मांसाच्या वळीखाली असे दडते की ते काढताना तिच्या डोळ्यांत पाणी येते. कापूस वेचताना पऱ्हाटीची फांदी नडगीला नुसती लागली, तरी संध्याकाळी तेथे निळा डाग दिसतो आणि तो आठ-आठ दिवस जात नाही. धाकटा मुलगा मांडीवर येऊन बसला तरी तिला दुखते. हे दुखणे तिने कित्येक वर्षे कोणालाच सांगितले नाही, कारण सांगितले की "खाणे कमी कर" हेच उत्तर मिळत असे.

आमच्या भागात पाय जाड दिसला की सगळे हत्तीपायच म्हणतात. आरोग्य कर्मचाऱ्यांनी रात्री घरी येऊन तीन वेळा तिचे रक्त तपासणीसाठी नेले आणि तिन्ही वेळा त्यात काही निघाले नाही. तरीही एका खाजगी डॉक्टरांनी हत्तीरोगाच्या गोळ्यांचे तीन कोर्स दिले. मागच्या वर्षी तिने जेवण कमी करून अकरा किलो वजन उतरवले. चेहरा सुकला, गळ्याची हाडे दिसू लागली, पण पाय होते तसेच राहिले. अखेर गेल्या महिन्यात नागपूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी हा लिपेडिमा, म्हणजे पायांत रोगट चरबी साचण्याचा आजार, असल्याचे सांगितले.

त्यानंतर आम्ही एका खाजगी रुग्णालयात गेलो. तेथे तीन टप्प्यांत चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली, साडेचार लाख रुपये खर्च सांगितला, "पाय कायमचे बारीक होतील" असे सांगितले आणि आठ दिवसांत पैसे भरल्यास सूट देऊ असेही सांगितले. माझे दीर एक एकर वावर विकायला तयार झाले आहेत. बायकोच्या दुखण्यापुढे त्यांना जमिनीचे काही वाटत नाही, याचे मला कौतुक आहे. पण विकलेले वावर परत येत नाही, म्हणून त्यांना मी थोडे थांबवून ठेवले आहे. ही शस्त्रक्रिया खरोखर उपचार आहे की केवळ रूप सुधारण्याचा प्रकार आहे? त्यानंतर ती शेतात काम करू शकेल का? आणि करायचीच असेल, तर आधी काय काय तपासून घ्यावे?

शेवंता, दारव्हा तालुका (जि. यवतमाळ)

मंदाताई, आपला प्रश्न वाचून मला माझीच गोष्ट वाचल्यासारखे वाटले. माझे वय ४३ आहे आणि दोन वर्षांपूर्वी माझ्यावर ही शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत झाली. आधी मांड्या आणि नितंब, पाच महिन्यांनी पोटऱ्या.

दुखणे कमी झाले, हे मी सर्वांत आधी सांगते, कारण मी त्याचसाठी गेले होते. पूर्वी तुरीच्या शेंगा सोलायला सूप मांडीवर ठेवले तर सुपाची कड रुतून कळ यायची. आता मी दोन-दोन तास सूप मांडीवर घेऊन बसते. पाय चवळीच्या शेंगेसारखे झाले नाहीत. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी थोडी लोंबते आणि डाव्या पोटरीवर तळहाताएवढ्या जागेत अजून बधिरपणा आहे. वर्षभरात माझे चार किलो वजन वाढले, त्यातले थोडे पायांवरही दिसते, परंतु आधीचे ठणकणे परत आलेले नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांबद्दल मला कोणी नीट सांगितले नव्हते, म्हणून आपल्याला सांगते. शस्त्रक्रियेत त्वचेखाली भरलेले पाणी पहिले दोन दिवस बारीक छिद्रांतून पाझरत राहते. ते रक्तासारखे लालसर दिसते आणि चादरी भिजून जातात, त्यामुळे गादीवर प्लास्टिक आणि त्यावर जुनी लुगडी अंथरून ठेवावी. घट्ट दाबमोजे सहा आठवडे दिवसरात्र घालावे लागले; ते चढवायला सुरुवातीला दोघी जणी आणि वीस मिनिटे लागत. दाबमोजे मी आजही दिवसा घालते. शस्त्रक्रिया केली म्हणजे मोजे सुटले, असे माझ्या बाबतीत झालेले नाही.

एक चूक माझ्या बाबतीत झाली, ती तुमच्याकडे होऊ नये. दुसऱ्या टप्प्याच्या आधी माझे हिमोग्लोबिन पुन्हा तपासले गेले नाही. पहिल्या टप्प्याचाच कागद पुढे चालवला. शस्त्रक्रियेनंतर ते ७.८ पर्यंत उतरले, उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी येई आणि रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. प्रत्येक टप्प्याच्या आधी नवीन तपासणी मागून घ्या.

प्लास्टिक सर्जन, नागपूर

मंदाताई, आपण केलेले वर्णन लिपेडिमाशी पुष्कळ जुळते: दोन्ही पायांवर सारखी वाढ, पावलांचे सुटणे, घोट्यावरची वळी, दाबल्यावर दुखणे, लगेच निळे पडणे आणि वजन उतरूनही पाय न उतरणे. तरीही प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही. या आजाराचे पहिले वर्णन १९४० साली मेयो क्लिनिकमधील ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी केले. (हे अमेरिकेतील मेयो, आपल्या नागपूरच्या मेयो रुग्णालयाशी त्याचा संबंध नाही.) एवढा जुना आजार असूनही तो अनेक डॉक्टरांच्या शिक्षणात जेमतेम येतो, आणि आपल्या विदर्भात तर हत्तीरोगाच्या सावलीखाली तो पार झाकला जातो. हत्तीरोग येथे आहेच, त्यामुळे आधी त्याचा विचार करणारे डॉक्टर चुकत नाहीत. चूक होते ती तपासण्या स्वच्छ आल्यावरही त्याच निदानाला धरून बसण्यात.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक खूण आहे. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलून पाहावी. हत्तीपायात आणि लसिकेच्या (शरीरातील पांढरट द्रवाच्या, म्हणजे लिम्फच्या) इतर सुजेत ही कातडी जाड होते आणि चिमटीत येत नाही. लिपेडिमात ती सहज उचलली जाते. हत्तीरोगात बहुधा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजलेला असतो आणि पाऊलही सुजते. मात्र लिपेडिमा फार वाढला की लसिकेची सूजही त्यात मिसळू शकते, म्हणून या एका खुणेवर सगळा निर्णय टाकू नये. शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी, कारण फुगलेल्या शिरा आणि त्यांतील बिघडलेल्या झडपा यांमुळेही पाय जड होतात आणि दुखतात.

आता शस्त्रक्रियेविषयी. लिपेडिमात त्वचेखालची चरबी रोगट झालेली असते आणि उपाशी राहून ती हटत नाही. म्हणून ती शोषून काढणे हा केवळ रूप सुधारण्याचा प्रकार नाही. यात सलाईनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध आणि रक्तवाहिन्या आवळणारे ॲड्रेनालिन मिसळून ते द्रावण काही लिटर इतके त्वचेखाली भरतात. पाय टणक होतो, रक्तस्राव कमी होतो, आणि मग बोथट टोकाच्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या नळीने चरबी ओढून घेतात. ही पद्धत क्लाइन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९८७ साली मांडली. काही ठिकाणी पाण्याच्या फवाऱ्याने चरबी सुटी करतात, काही ठिकाणी कंप पावणारी नळी वापरतात. यंत्र कोणते यापेक्षा हात कोणाचा हे मी अधिक महत्त्वाचे मानतो. लसिकावाहिन्या पायाच्या लांबीच्या दिशेने वर जातात, म्हणून नळीही त्याच दिशेने चालली पाहिजे. ती आडवी चालवली तर या वाहिन्या तुटून आज नसलेली सूज उद्या कायमची मागे लागू शकते. वजन कमी दाखवण्यासाठी पोटाची चरबी काढणारा आणि लिपेडिमाचे पाय हाताळणारा, यांच्या कामात हा मोठा फरक आहे.

एका वेळी किती चरबी काढायची याला मर्यादा आहे. साधारणपणे पाच लिटरपेक्षा जास्त काढले तर ती मोठी शस्त्रक्रिया समजली जाते आणि त्यात शरीरातील पाण्याचा तोल बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणूनच टप्पे करतात. लिडोकेनचे प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ३५ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याची रीत आहे, आणि ते रक्तात सर्वाधिक चढते ते सुमारे बारा तासांनी. सकाळी शस्त्रक्रिया करून संध्याकाळी समुद्रपूरला गाडीने परत पाठवणारी व्यवस्था मला मान्य नाही, कारण ज्या वेळी लक्ष ठेवायचे त्याच वेळी रुग्ण गावात, डॉक्टरांपासून दूर असते. किमान एक रात्र रुग्णालयात राहायलाच हवे. पायाच्या शिरेत गुठळी होणे, चरबीचे कण फुफ्फुसात जाणे आणि जंतुसंसर्ग हे इतर गंभीर धोके आहेत. गुठळी टाळण्यासाठी त्याच दिवशी चालायला लावतात, आणि गरजेप्रमाणे रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनेही देतात.

विदर्भातील रुग्णासाठी मी एक तपासणी आग्रहाने सांगतो: सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. साध्या चाचणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस करून एएस (केवळ वाहक) आहे की एसएस (प्रत्यक्ष रुग्ण), हे कागदावर आले पाहिजे. लांब चालणारी भूल, अंग थंड पडणे आणि पाण्याचा कमी-जास्तपणा यांतून एसएस रुग्णाला जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो. हा कागद भूलतज्ज्ञांच्या हातात आधी पडला पाहिजे.

"पाय कायमचे बारीक होतील" हे वाक्य कोणीही छातीठोकपणे म्हणू नये. जर्मनीत साठ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर बारा वर्षांपर्यंत विचारत राहून केलेल्या अभ्यासात दुखणे, निळे पडणे आणि हालचालीची अडचण यांत झालेली सुधारणा टिकून राहिली, हे खरोखर आशादायक आहे. परंतु ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मार्च २०२२ मध्ये पुरावे तपासून सांगितले की सुरक्षितता आणि परिणाम या दोन्हींविषयीचा पुरावा अपुरा आहे आणि ही शस्त्रक्रिया संशोधनाच्या चौकटीतच करावी. दोन्ही गोष्टी रुग्णापुढे ठेवणे हे आमचे काम आहे. माझे मत विचाराल तर ज्या स्त्रीला रोज दुखते, जिचे चालणे अडते आणि जिने सहा महिने दाबमोजे व व्यायाम मनापासून करूनही फरक पडला नाही, तिला मी शस्त्रक्रिया सुचवतो. आपल्या जाऊबाईंनी दाबमोजे वापरल्याचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही. तसे असेल, तर आठ दिवसांच्या सवलतीसाठी वावर विकू नका. हा आजार आठ दिवसांत बिघडणारा नाही. सर्जनने प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी घेतली आहे का, आणि त्याने लिपेडिमाचे किती पाय केले आहेत, हे निःसंकोच विचारा. दुसरे मत घेण्यासाठी नागपूरच्या मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) आणि एम्समध्येही जाता येईल.

आशा कार्यकर्ती, ब्रह्मपुरी तालुका (जि. चंद्रपूर)

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्यात मी एवढेच जोडते की रात्रीच्या रक्तात जंतू न सापडणे म्हणजे हत्तीरोग कधीच नव्हता, असे होत नाही. सूज जुनी झाली की रक्तात जंतू बहुधा मिळत नाहीत. म्हणून बोटाच्या रक्ताच्या थेंबावर पट्टीने होणारी अँटिजेन (जंतूंचे अंश शोधणारी) तपासणीही एकदा करून घ्यावी. आणि लिपेडिमा निघाला म्हणून वार्षिक मोहिमेत वाटल्या जाणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या नाकारू नयेत. त्या गोळ्यांनी लिपेडिमा बरा होणार नाही, परंतु त्या गावातील रोगाचा फैलाव थांबवण्यासाठी आहेत आणि आपल्या जाऊबाईंनाही डास चावतोच. आमच्याकडे भातरोवणीत चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांना मी रोज पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला सांगते. तेच लिपेडिमाच्या पायालाही लागू आहे, कारण वळ्यांत ओल राहिली की कातडी चिरते.

मंदाताई

सर्वांचे मनापासून आभार. शेवंताताई, तुमचे उत्तर मी जावेला मोठ्याने वाचून दाखवले. सुपाची गोष्ट आली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "म्हणजे हे खरंच दुखते, मी लाडात आलेली नाही." तिच्या बोटाची कातडी चिमटीत सहज आली. सिकलसेलचा तिचा कागद शोधला. लग्नाआधीच्या तपासणीत ती एएस निघाली होती आणि ही गोष्ट त्या रुग्णालयात कोणी विचारलीच नव्हती. दाबमोजे तिने आजवर वापरलेले नाहीत, ते आता सुरू करू. दोन शंका राहिल्या. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ते मोजे कसे सोसायचे? आणि पुढे शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर ती विम्यात किंवा सरकारी योजनेत बसेल का?

निवृत्त विमा कर्मचारी, अमरावती

खर्चाबद्दल मी सांगतो. आपल्या देशात विमा कंपन्या लायपोसक्शन (चरबी शोषून काढणे) हा शब्द दिसताच सौंदर्योपचार म्हणून दावा फेटाळतात. परंतु सौंदर्योपचार वगळणाऱ्या त्याच कलमात असे म्हटलेले असते की प्रकृतीला असलेला प्रत्यक्ष धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे प्रमाणित केल्यास, या वगळणुकीत येत नाही. दावा मिळेलच असे मी म्हणत नाही, कारण "प्रत्यक्ष धोका" या शब्दांवर कंपन्या अडून बसतात. मात्र कागद पक्के असतील तर विमा लोकपालाकडे जाता येते. डॉक्टरांच्या पत्रात निदानाचे नाव लिपेडिमा असेच हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगसूचीत त्याला ईएफ०२.२ हा स्वतंत्र संकेतांक आहे, तो लिहून घ्यावा. दाबमोज्यांच्या पावत्या, दर महिन्याला फितीने घेतलेली मापे, किती अंतर चालल्यावर दुखते याची नोंद आणि छायाचित्रे आतापासून जपून ठेवा. शस्त्रक्रियेआधी पूर्वमंजुरीचा अर्ज लेखी करा आणि नकार आला तर तोही लेखीच मागा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारावे. तोंडी ऐकीव माहितीवर राहू नये. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्याने २०२० पासून आजाराच्या तिसऱ्या टप्प्यातील रुग्णांचा आणि जुलै २०२५ च्या निर्णयाने सर्व टप्प्यांतील रुग्णांचा हा खर्च काही अटींवर उचलायचे ठरवले. आपल्याकडे हे व्हायला वेळ लागेल, पण अर्जासोबत हा दाखला जोडायला हरकत नाही.

शेवंता

उन्हाळ्याचे मी सांगते. मी मोजे पहाटे पाचला, अंग थंड असताना चढवते, निंदणाला जाते आणि अकराला घरी येऊन काढते. दुपारी पाय भिंतीला वर लावून पडते, ऊन उतरले की पुन्हा घालते. दोन जोड असावेत, म्हणजे घामाचा जोड रोज धुता येतो. शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर थंडीचे दिवस सुचवतात, कारण तेव्हा मोजे सोसतात. पण आपल्याकडे थंडी म्हणजे वेचणी आणि तुरीचा हंगाम. मी घरच्यांना बसवून सांगितले की यंदाच्या वेचणीत मला धरू नका, मजूर लावा. ते आधी ठरवले नाही तर तिसऱ्या आठवड्यातच बाई वावरात दिसते. मला वाकून काम करायला सात आठवडे लागले आणि डोक्यावर ओझे घ्यायला तीन महिने.

प्लास्टिक सर्जन, नागपूर

मंदाताई, एएस हा वाहक असतो, रुग्ण नव्हे, आणि त्यामुळे शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. परंतु भूलतज्ज्ञांना ते माहीत हवे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तिला उबदार ठेवणे व पाणी कमी पडू न देणे, याची काळजी घ्यावी लागते. जेथे हे विचारलेच गेले नाही, तेथे घाईने पैसे भरू नयेत, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

दाबमोजे दुकानातून पायाच्या अंदाजाने आणू नका. लिपेडिमाच्या पायाला शक्यतो सपाट विणीचे, मापाने बनवलेले मोजे लागतात, कारण साधे गोल विणीचे मोजे घोट्याच्या वळीत रुततात. ते महाग पडतात. तोवर फिजिओथेरपिस्टकडून पट्टी बांधायला शिकून घेतले तरी चालेल. पाय फुगलेला असताना माप घेतले तर मोजा सैल होतो, म्हणून माप सकाळी घ्यायचे असते. आपण समुद्रपूरहून बसने येणार म्हणजे पाय दोन तास लोंबकळत राहणार; तेव्हा जाऊबाईंना आल्याबरोबर माप द्यायला बसवू नका. अर्धा तास पाय उशीवर ठेवून आडवे पडू द्या आणि मग फीत लावा.